आपल्याच गावाचे फोटो: खान्देशच्या उजेडात स्वतःची नजर कशी घडवायची

तोरणमाळचा यशवंत तलाव, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, चांगदेवजवळचा तापी-पूर्णेचा संगम, पाटणादेवीचं जंगल. खान्देशात कुणाचाही मोबाईल उघडा, यातला एखादा तरी फोटो सापडतोच, आणि बऱ्याचदा तो छानही असतो. पण दहा जणांचे दहा फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे ओळखू येत नाही. आपला फोटो आपला म्हणून ओळखू यावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: फोटोत आपण दिसायला हवे असू, तर ज्या जागेबद्दल आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे तिथूनच सुरुवात करायला हवी. अशी जागा बहुतेकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते.

साहित्य फार लागत नाही. बऱ्यापैकी कुठलाही मोबाईल पुरतो. कॅमेरा असेल तर 50 मिलिमीटरची एफ/1.8 लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त). बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी ती एक आहे आणि कमी उजेडात तिच्याइतकी उपयोगाची दुसरी नाही. शिवाय एक वही आणि पेन. वही कशाला, ते पुढे सांगतो.

पहिली पायरी: एक तुकडा निवडा

गावातली एक गल्ली, आठवडे बाजाराची एक रांग, एक विहीर, केळीच्या बागेतला एक पाट, नाहीतर धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घराची ओसरी. एवढंच. पुढचे काही महिने फोटो तिथलेच काढायचे. तुकडा असा निवडा की सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला, दोन्ही वेळा सहज जाता येईल. जिथे जायला सुट्टी काढावी लागते ती जागा या कामाची नाही.

एवढ्याशा जागेत काय मिळणार, असं वाटत असेल तर चाळीसगावला जाऊन या. रेल्वे स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. आता तिथे त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. 1912 साली मुंबईत जन्मलेला, इंग्लंडला कलाशिक्षण घेऊन आलेला हा माणूस चाळीसगावच्या त्या घरात कित्येक दशकं राहिला आणि 1989 मध्ये गेला. या सगळ्या काळात तो घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडायचा आणि फोटो असा काढायचा की पाहणाऱ्याला मोठा देखावा समोर असल्यासारखं वाटावं, ही त्यांची टेबलटॉप छायाचित्रणाची रीत. या कलेत त्यांचं नाव देशाबाहेरही पोचलं. खान्देशात फोटो शिकणाऱ्या प्रत्येकाने ते घर एकदा पाहावं असं मला वाटतं. फोटोंसाठी तर पाहावंच, पण त्या खोल्यांचा आकार मुद्दाम बघून यावा.

दुसरी पायरी: आधी वही, मग कॅमेरा

निवडलेल्या जागी पहिले काही दिवस मोकळ्या हातांनी जा. परत आल्यावर वहीत चार-पाच ओळी लिहा. “बाजारात खूप गर्दी होती” असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. असं लिहा: “साडेआठ. डेअरीच्या पायरीवर किटल्या रांगेत. शेवटची सावलीत. तिच्या झाकणाला सुतळी. उजेड डावीकडून, भिंतीच्या निम्म्यापर्यंत.” वेळ, वस्तू, उजेडाची बाजू आणि ज्यावर नजर अडली ती एक गोष्ट, इतकं आलं की झालं.

आठवड्याभराने ती पानं वाचून काढा. काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. कुणाच्या वहीत दोऱ्या, गाठी, बांधलेलं सामान येतं, कुणाच्या वहीत दारं येतात, तर कुणाच्या वहीत फक्त माणसांच्या पाठी. हा आपल्या नजरेचा कल. तो दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही आणि कुठल्याही क्लासमध्ये शिकवता येत नाही.

तिसरी पायरी: उजेडाचं पंचांग

या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण फोटोग्राफीची बहुतेक माहिती थंड हवेच्या देशांतून आलेली आहे आणि आपला उजेड तसा नाही.

जळगाव-धुळ्याचा पट्टा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 21 अंशांवर येतो. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच संपते. अशा वेळी उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि नाकाखाली काळा पट्टा येतो. याउलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 45 अंशांच्या आसपासच राहतो, सावली माणसाच्या उंचीएवढी पडते आणि चेहऱ्यावर उजेड तिरपा येतो. म्हणून “दुपारी फोटो काढू नका” हा नियम आपल्याकडे मे महिन्यात खरा, डिसेंबरात नाही.

उन्हाळ्यात पावणेसहा-सहाला उजाडतं. साधारण साडेसातपर्यंत उघड्यावर काम करा. त्यानंतर ओसरीत, दारात, झाडाखाली या. उन्हाळ्यातला सगळ्यात सुंदर उजेड अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर आपटून ओसरीत शिरतो. खालून वर येणारा, किंचित पिवळसर. माणसाला उंबरठ्यापासून दोन-तीन फूट आत बसवा, तोंड अंगणाकडे. स्टुडिओतले दिवे हेच काम करतात, आणि आपल्याकडे ते बाराही महिने फुकट आहे. धाब्याच्या घरात छताच्या झरोक्यातून एकच कवडसा उतरतो. तो भिंतीवर कसा सरकतो हे एक दिवस बसून बघा आणि कुठे किती वाजता असतो ते वहीत लिहून ठेवा.

पावसाळ्यात पातळ ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येतो. चेहरे, पानं, ओली लाकडं यांना तो मानवतो, आकाशाला मात्र नाही, म्हणून आकाश फोटोतून कापा. पाऊस ओसरला की हवा धुतल्यासारखी होते आणि सातपुड्याच्या कडा लांबून स्पष्ट दिसतात. दूरचं काढायचं ते तेव्हाच काढून घ्या, कारण फेब्रुवारी-मार्चपासून धुरळा वाढतो आणि डोंगर फिका होत जातो. थंडीत सकाळी केळीच्या बागांवर आणि नदीकाठी धुकं उतरतं. ते सूर्य वर आल्यावर फार वेळ टिकत नाही, म्हणून सात वाजता घरातून निघून उपयोग नाही, तोवर जागेवर उभं असायला हवं.

उन्हाळ्यातली एक काळजी. मोबाईल तापला की स्क्रीन मंदावते आणि कॅमेरा बंदही पडतो. तो सुती पिशवीत ठेवा, गाडीच्या डिक्कीत नाही. लेन्सवर बोटाचं तेल आणि धूळ बसते, दर वेळी मऊ कापडाने पुसा. उजेडाभोवती दिसणारी धुरकट वर्तुळं निम्म्या वेळा तेवढ्याने जातात.

चौथी पायरी: पांढरा कापूस, काळी जमीन

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं असणार असं धरून तो उजेड मोजतो. आपल्याकडे नेमकं हेच नडतं. फुटलेल्या बोंडांनी भरलेलं शेत फ्रेमभर घेतलं की कॅमेरा म्हणतो “फार उजेड आहे” आणि फोटो गडद करतो, मग कापूस मळका दिसतो. नांगरलेली काळी जमीन घेतली की उलटं होतं, जमीन राखाडी होऊन तिचा कस गेल्यासारखी दिसते.

उपाय सोपा आहे. पांढरं जास्त असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, वाढवा, +1 च्या आसपास. काळं जास्त असेल तर कमी करा, −0.7 ते −1. कॅमेऱ्यावर त्यासाठी अधिक-उणेचं बटण असतं. मोबाईलवर विषयावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवा. पहिल्यांदा हे उफराटं वाटतं, कारण पांढऱ्यासाठी उजेड कमी करावा असं मन सांगतं. शेतात जाऊन एकाच बोंडाचे तीन फोटो काढा: जसाच्या तसा, वाढवून, कमी करून. घरी आल्यावर शेजारी लावून पाहिलं की पुन्हा कधी शंका येणार नाही.

कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा, डोक्यावरचा पदर आणि कमरेच्या ओटीतला पांढरा कापूस असं एकत्र आलं तर चेहऱ्यावर बोट टेकवा. कापूस थोडा जास्त उजळला तरी चालेल, चेहरा काळवंडलेला चालत नाही. आणि ब्युटी मोड बंद करा. उन्हात रापलेली कातडी गोरी आणि गुळगुळीत करून तो त्या माणसाचं अख्खं आयुष्यच पुसून टाकतो.

पाचवी पायरी: पाय हलवा

झूम सगळ्यात शेवटी. आधी एक पाऊल पुढे, मग डावीकडे, मग गुडघ्यावर. मोबाईलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. चेहऱ्याच्या फार जवळ नेली की नाक मोठं येतं, म्हणून माणसासाठी दोन पावलं मागे सरून 2एक्स वापरा. बटण दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडांवरून नजर फिरवा. विजेची तार, अर्धवट कापलेली बादली, मागच्या माणसाचा कोपर, सगळं तिथेच शिरलेलं असतं. वहीतली जी गोष्ट तुम्हाला खुणावत होती ती फ्रेममध्ये किती मोठी आहे ते बघा. बहुतेक वेळा ती फार लहान असते आणि आजूबाजूचंच जास्त आलेलं असतं.

सहावी पायरी: हलणाऱ्या गोष्टी, म्हणजे मांडे

शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ शिरू द्यायचा ते, शिकायला खान्देशातल्या चुलीसारखी दुसरी जागा नाही. अखजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा श्रावणात कुणाच्या घरी मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या, होत असतील तर परवानगी घेऊन एका कोपऱ्यात बसा. तार सुटेपर्यंत तिंबलेली सैल कणीक, तिच्यात भरलेलं पुरण, आणि मग तो गोळा दोन्ही हातांवर फिरत फिरत वाढत जातो, मनगटावरून कोपरापर्यंत. चुलीवर पालथं घातलेलं खापर तापलेलं असतं. मांडा खापरावर पडायच्या आधी क्षणभर हातांवर ताणलेला असतो, आणि मागे दार किंवा खिडकी असेल तर उजेड त्याच्या आरपार जातो. आतलं पुरण ढगासारखं दिसतं, हातांच्या सावल्या त्यात उमटतात. हा क्षण धरायचा आहे.

चुलीपाशी उजेड कमी असतो. एफ/1.8-एफ/2 वर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 3200 ठेवून 1/250 सेकंद मिळालं तर हात स्थिर दिसतील, कणकेच्या कडासुद्धा. आता आयएसओ 200 वर आणा आणि 1/15 ठेवा. कोपर गुडघ्यावर टेकवा, श्वास रोखा. बाईचा चेहरा आणि खापर जागच्या जागी राहतात, हात मात्र विरघळतात. पहिला फोटो मांडा दाखवतो, दुसरा तिचं कसब. दोन्ही खरेच आहेत. कुठला ठेवायचा, ते तिच्याकडे बघताना तुम्हाला काय वाटलं त्यावर ठरतं. तंत्र आणि अभिव्यक्ती इथे जितकी जवळ येतात तितकी दुसरीकडे क्वचित येतात, असं मी मानतो. मोबाईलमध्ये “प्रो” मोड असेल तर यातलं आयएसओ आणि शटर हातानं ठरवता येतं. लेन्सचं एफ बहुधा पक्कं असतं, तेवढं सोडून द्या.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, “डेलाइट”वर ठेवा. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा जाळाचा तांबूसपणा काढून टाकतो. फ्लॅश तर नकोच. त्याने चूल विझल्यासारखी दिसते. भरिताची वांगी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) जाळावर भाजताना हेच सगळं लागू पडतं, फक्त तिथे धूर असतो. धुराच्या पलीकडे सूर्य येईल असे बसा.

सातवी पायरी: माणसं

आधी बोला, मग काढा. “मना फोटू कसाले काढस रे भाऊ?” (माझा फोटो कशाला काढतोस?) असं एखादी आजी विचारते तेव्हा तिला खरं उत्तर हवं असतं. “सहजच” म्हणू नका. “आजी, तुमचे हात कापूस कसा उचलतात ते मला दाखवायचंय” असं सांगा. उत्तर देता येत नसेल तर आपल्यालाच अजून कळलेलं नाही असं समजा आणि त्या दिवशी नुसत्या गप्पा मारा.

नकार आला की कॅमेरा खाली. मुलांचे फोटो आईबापांना विचारून. नदीवर आंघोळ करणारे, दवाखान्याच्या दारात बसलेले, दारू पिऊन पडलेले, यांचे फोटो काढूच नका.

सातपुड्यातल्या होळीबद्दल मला तळमळून सांगायचं आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी भिल्ल-पावरा समाजाची पूजा आहे, नवस फेडण्याची वेळ आहे. रंगवलेली अंगं, मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू हे सगळं कॅमेऱ्याला भुरळ घालतं, म्हणून लोक तोंडासमोर लेन्स धरतात, नाचणाऱ्याला थांबवून उभं करतात. तसं करू नका. ओळखीचं कुणी असेल त्याच्यासोबत जा, आदल्या दिवशी पोचा, काय चाललं आहे ते विचारा. ओळख नसेल तर त्या वर्षी नुसतं पाहून या.

आणि प्रिंट द्या. 4×6 इंची प्रिंट फार महाग पडत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो चार दिवसांत खाली जातो, देव्हाऱ्याशेजारी लावलेला राहतो. प्रिंट द्यायला परत गेलात की पुढचा फोटो तो माणूस स्वतःच सुचवतो.

रुळांबद्दलही सांगून ठेवतो, कारण भुसावळ, जळगाव, अमळनेर अशी रेल्वेची गावं आपल्याकडे बरीच. रुळांवर उतरून फोटो काढणं जिवावर बेतू शकतं आणि रेल्वे कायद्याने गुन्हाही आहे. फाटकाच्या अलीकडून हवं ते सगळं दिसतं.

आठवी पायरी: निवड

काढल्या दिवशी फोटो निवडू नका. त्या दिवशीची मेहनत, ऊन, कुणाशी झालेलं बोलणं हे सगळं आपल्याला फोटोत दिसतं, पाहणाऱ्याला नाही. महिनाभराने उघडा. त्यातल्या वीस-पंचवीस फोटोंच्या छोट्या प्रिंट करून आणा आणि खाटेवर पसरा. स्क्रीनवर फोटो एकामागून एक दिसतात, खाटेवर सगळे एकदम दिसतात. एकमेकांशी बोलणारे जवळ सरकवा, एकटे पडणारे बाजूला काढा.

अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं काम मी असंच खाटेवर पाहिलं होतं. त्या आपल्या गल्लीतल्या दारांचे फोटो काढत होत्या. पसरल्यावर लक्षात आलं, की दारांपेक्षा दाराबाहेरच्या चपलाच प्रत्येक फोटोत ठळक आल्या आहेत. एरवी दोन जोड, एक पुरुषाचा, अंगठा झिजलेला. अखजीला लेकी माहेरी आल्या की पायरीवर मावत नाहीत एवढ्या, लहान मुलांच्या रंगीत, एक पालथी पडलेली. पुढे त्यांनी दारं सोडली आणि वर्षभर उंबरठाच काढला. त्या फोटोंत एकही चेहरा नाही, तरी घरात कोण आहे, कोण गेलं, कोण यायचं आहे, हे गल्लीतल्या कुणालाही वाचता येतं. विषय असा काढलेल्या फोटोंतून वर येतो. आधी ठरवून बसलं की तो आखडतो.

वीसमधले सात-आठ उरले तरी पुष्कळ. प्रत्येकामागे तारीख, गाव, काय चाललं होतं ते आणि माणूस हो म्हणाला असेल तर त्याचं नाव लिहा. तो जे बोलला ते त्याच्याच बोलीत लिहून घ्या, प्रमाण मराठीत आणू नका.

एडिटिंग थोडकंच: कडा कापणं, उजेड सावरणं, तिरकी रेघ सरळ करणं. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, ओढून मे महिन्यातला सातपुडा हिरवागार करू नका. त्या महिन्यात तो मातकट असतो, आणि तो रंग धरायला फार बारीक नजर लागते.

नववी पायरी: जपणूक

मेजर रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकाराने 1840 च्या दशकापासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता आणि त्याचे अजिंठ्याचे फोटो आजही आहेत, कारण फोटोच्या प्रती निघतात. 1879 मध्ये तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. तेव्हा प्रती करा: एक मोबाईल किंवा संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. फोल्डरला वर्ष-महिना-गाव असं नाव द्या. “नवीन फोटो 2” या नावाखाली पुन्हा काही सापडत नाही.

दहावी पायरी: गावाला दाखवा

इंटरनेटवर टाका, पण आधी ज्यांचे फोटो आहेत त्यांना दाखवा. गावचं वाचनालय, ग्रामपंचायतीचं सभागृह, शाळेचा व्हरांडा, कुठेही चालेल. ए4 आकाराच्या प्रिंट मॅट कागदावर काढा, चकचकीत कागदावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं. दोरी ताणून चिमट्यांनी लावा, फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर येऊ द्या आणि मुलांसाठी एक रांग खाली करा. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, ऊन थेट पडून रंग उडतो. खालच्या ओळी मोठ्या अक्षरांत लिहा, म्हाताऱ्या माणसांना चष्मा न लावता वाचता आल्या पाहिजेत. शेजारी एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन ठेवा. लोक नावं दुरुस्त करतात, तुम्हाला माहीत नसलेली विहीर कुणी खोदली ते सांगतात, पुढचा तुकडा कुठला घ्यावा हेही लिहून जातात. प्रदर्शन उतरवलं की ज्याचा फोटो त्याला देऊन टाका.